पाण्यातील हायड्रोजन आणि रक्तातील चरबी

लातूरच्या एका डाळ व्यापाऱ्याच्या घरी गेल्या दिवाळीत पाण्याचे एक यंत्र आले. स्वयंपाकघरातील ओट्यावर, जुन्या पितळी हंड्याच्या शेजारी त्याला जागा मिळाली. ते घेऊन येणारे गृहस्थ परके नव्हते. घरचे धाकटे जावई होते. कापडाच्या दुकानाला जोडधंदा म्हणून त्यांनी या यंत्रांची विक्री सुरू केली होती. भाऊबीजेला दुपारच्या जेवणानंतर त्यांनी पाण्यातून वर येणारे बारीक बुडबुडे सर्वांना दाखवले आणि ते सासऱ्यांना म्हणाले, "बाबूजी, हे हायड्रोजनचे पाणी आहे. रोज दोन लिटर घ्या. तीन महिन्यांत कोलेस्टेरॉल खाली येते. मग त्या गोळ्यांची गरजच राहत नाही."

बाबूजींचे वय ६८. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवावा लागला होता. पेढीचा कारभार आता थोरल्या मुलाकडे असला, तरी सकाळी सौद्याच्या वेळी बाजार समितीत जाऊन तुरीचा नमुना तळहातावर घेऊन पाहण्याचा त्यांचा नेम सुटलेला नव्हता. यंत्राची किंमत पंचेचाळीस हजार रुपये होती. एरवी क्विंटलमागे दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करणाऱ्या त्या घरात त्या दिवशी कोणी भाव केला नाही. जावयाला नाही कसे म्हणायचे, हाच सर्वांपुढचा प्रश्न होता. मुलाने धनादेश लिहून दिला.

फाल्गुनात बाबूजींच्या रक्ताची तपासणी झाली. जावयांनी अहवाल पाहिला आणि ते आनंदाने म्हणाले, "बघा, ट्रायग्लिसराइड १६० होते, ते १५० झाले. चांगले कोलेस्टेरॉल ३८ होते, ते ४० झाले. पाण्याचा गुण आहे." दोन्ही आकडे खरे होते. धाकटी सून वाणिज्य शाखेची पदवीधर; ताळेबंदात केवळ जमेची बाजू वाचून उठायचे नसते, हे तिला ठाऊक होते. तिने अहवाल हाती घेतला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

तिला काय आढळले ते पुढे येईलच. तत्पूर्वी, असे यंत्र आज अनेक व्यापारी कुटुंबांच्या उंबरठ्यावर उभे असल्याने, मूळ प्रश्न नीट समजून घेणे इष्ट आहे. हायड्रोजनयुक्त पाणी प्याल्याने रक्तातील कोलेस्टेरॉल आणि चरबी खरोखर कमी होते काय?

पाण्यात काय मिसळले जाते?

पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे शाळेतच शिकवले जाते. मात्र ते ऑक्सिजनशी घट्ट बांधलेले असतात. हायड्रोजनयुक्त पाण्यात जो हायड्रोजन असतो तो वेगळा. सोड्याच्या बाटलीत जसा कार्बन डायऑक्साइड वायू विरघळवलेला असतो, तसा येथे हायड्रोजन वायू विरघळवलेला असतो. यंत्रातून वीज सोडून पाण्याचे विघटन करतात आणि निघालेला वायू त्याच पाण्यात राहू देतात. दुसऱ्या पद्धतीत मॅग्नेशियम धातूची कांडी किंवा गोळी पाण्यात टाकतात. तिच्या अभिक्रियेतून हायड्रोजन निघतो.

हा वायू पाण्यात फार थोडा विरघळतो. खोलीच्या सामान्य तापमानाला आणि दाबाला एक लिटर पाणी जास्तीत जास्त सुमारे १.६ मिलिग्रॅम हायड्रोजन धरून ठेवते. तो टिकतही नाही. उघड्या भांड्यात काही तासांतच त्यातील बराचसा निघून जातो. साध्या प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीतूनही तो हळूहळू बाहेर पडतो. म्हणून जपानमध्ये असे पाणी ॲल्युमिनियमच्या पिशव्यांत किंवा डब्यांत विकतात. ज्या घरांत उकळलेले पाणी पिण्याचा नियम आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्रातून काढलेले पाणी नंतर उकळले, तर विरघळलेला सगळा वायू वाफेबरोबर निघून जातो आणि उरते ते साधे पाणी.

बाजारात 'अल्कलाइन पाणी' या नावाने जे विकले जाते, त्याची आणि हायड्रोजनयुक्त पाण्याची अनेकदा गल्लत होते. पाण्याचा आम्ल-अल्क गुण आणि त्यात विरघळलेला वायू या दोन भिन्न बाबी आहेत. पाणी अल्कधर्मी आहे म्हणून त्यात पुरेसा हायड्रोजन आहे, असे सिद्ध होत नाही. बुडबुडे दिसले म्हणूनही सिद्ध होत नाही. बुडबुडा म्हणजे पाण्यात न राहता बाहेर निघालेला वायू.

ही कल्पना आली कोठून?

या विषयाला प्रतिष्ठा मिळाली ती जपानमधील एका संशोधनामुळे. २००७ साली निप्पॉन वैद्यकीय विद्यापीठातील शिगेओ ओहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. शरीरात ऑक्सिजनपासून तयार होणारे काही कण पेशींना इजा करतात. हायड्रोजन वायू त्यांपैकी सर्वांत विध्वंसक कणांना निवडून निष्प्रभ करतो, असे त्यांनी दाखवले. त्यांचे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर होते, आणि उंदरांना वायू हुंगवण्यात आला होता.

रक्तातील चरबीशी याचा संबंध असा लावला जातो. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात, ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते आणि तेथे ऑक्सिजनच्या अशा कणांमुळे बिघडते. बिघडलेल्या एलडीएलमुळे भिंतीत दाह सुरू होतो आणि थर साचत जातो. हायड्रोजनने हा बिघाड रोखला, तर थर साचणे मंदावेल, असे अनुमान. अनुमान तर्कशुद्ध आहे. ते माणसांत कितपत उतरते, ते चाचण्यांनी ठरायचे.

चाचण्या झाल्याही. २००८ साली जपानमध्ये मधुमेहाचे ३० आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ६ अशा ३६ जणांना आठ आठवडे रोज ९०० मिलिलीटर हायड्रोजनयुक्त पाणी आणि मध्ये काही काळ सोडून तितकेच दिवस साधे पाणी देण्यात आले. कोणते पाणी केव्हा दिले, हे त्यांना सांगितलेले नव्हते. एलडीएलच्या लहान व घन कणांत सुमारे ६ टक्के, तर बिघडलेल्या एलडीएलमध्ये सुमारे १५ टक्के घट आढळली. २०१० साली २० जणांवर आठ आठवडे झालेल्या एका अभ्यासात एचडीएल, म्हणजे चांगले कोलेस्टेरॉल, सुमारे ८ टक्क्यांनी वाढले. मात्र त्यात तुलनेसाठी साधे पाणी पिणारा दुसरा गट नव्हता. २०१३ साली चीनमध्ये आणखी २० जणांच्या रक्तात दहा आठवड्यांनंतर एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल कमी झाल्याचे नोंदवले गेले.

भारतीय वाचकांना जवळचा वाटेल असा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब आणि चरबी एकत्र वाढलेल्या ६० भारतीय स्त्री-पुरुषांवर तो २४ आठवडे चालला. निम्म्यांना हायड्रोजनयुक्त पाणी आणि निम्म्यांना तसेच दिसणारे पण हायड्रोजन नसलेले पाणी दिले होते. पहिल्या गटात कोलेस्टेरॉल आणि साखर दोन्ही उतरली. २०२३ साली अशा काही छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल आणि ट्रायग्लिसराइड यांत लहानशी घट दिसते, असा त्याचा मथितार्थ.

तेव्हा जावईबापूंनी सांगितले ते निव्वळ थोतांड होते, असे म्हणता येणार नाही. शास्त्रज्ञांनी प्रश्न गांभीर्याने घेतला आहे आणि काही उत्तरे अनुकूल आली आहेत. आता त्या उत्तरांचे वजन काट्यावर टाकून पाहिले पाहिजे.

वजन करताना

पहिली बाब संख्येची. वीस, छत्तीस, साठ माणसे, आठ ते चोवीस आठवडे. एका पोत्यातून काढलेल्या मूठभर नमुन्यावर कोणी शंभर ट्रकांचा सौदा करत नाही.

दुसरी बाब रक्ताच्या स्वभावाची. औषध, आहार काहीही न बदलता त्याच माणसाचे एकूण कोलेस्टेरॉल एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत पाच-सहा टक्के इकडेतिकडे होते. ट्रायग्लिसराइड तर वीस टक्क्यांपर्यंतही हलते. आदल्या दिवशीचे गोडधोड, झोप, प्रवास एवढेही त्याला पुरते. १६० वरून १५० ही घट म्हणूनच काही सिद्ध करत नाही. शिवाय माणूस उपाय शोधतो तो आकडा सर्वांत वर गेलेला असताना. तो आकडा पुढच्या खेपेस बहुधा आपोआपच थोडा खाली येतो आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपायाला मिळते. म्हणूनच तुलनेचा गट लागतो.

तिसरी बाब मात्रेची. भारतातील त्या चोवीस आठवड्यांच्या अभ्यासात हायड्रोजन सोडणाऱ्या गोळ्या पाण्यात विरघळवून रोज ११ मिलिग्रॅमहून अधिक हायड्रोजन दिला होता. एका लिटरमध्ये सामान्यतः १.६ मिलिग्रॅमच मावतो, हे लक्षात घेतले तर ही मात्रा जवळजवळ सात लिटर पूर्ण संपृक्त पाण्याइतकी झाली. घरगुती यंत्राचे दोन लिटर पिऊन त्या अभ्यासाच्या फळाची अपेक्षा करणे म्हणजे पावशेर माल देऊन शेराची पावती मागणे. यंत्र किंवा बाटली छापील मात्रा देतेच, असेही नाही. २०१६ साली जपानच्या राष्ट्रीय ग्राहक केंद्राने बाजारातील हायड्रोजन पाण्याची तपासणी केली, तेव्हा प्लास्टिकच्या बाटलीतील काही उत्पादनांत हायड्रोजन आढळलाच नाही. पुढच्या वर्षी तेथील सरकारने आरोग्याचे अवास्तव दावे करणाऱ्या काही विक्रेत्यांवर कारवाईही केली.

चौथी बाब सर्वांत महत्त्वाची. कोलेस्टेरॉलचा आकडा कमी करायचा तो कशासाठी? हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात टळावा यासाठी. आकडा सुधारला म्हणजे झटका टळलाच, असे नेहमी होत नाही. टॉरसेट्रापिब नावाच्या एका औषधाने चांगले कोलेस्टेरॉल ७० टक्क्यांहून अधिक वाढवले आणि वाईट कोलेस्टेरॉल सुमारे २५ टक्क्यांनी घटवले. आकडे पाहून कोणीही हरखून गेले असते. सुमारे १५,००० रुग्णांवरील चाचणीत मात्र ते घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले आणि २००६ साली ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. हायड्रोजनच्या पाण्याने असा अपाय होतो, असे यातून सुचवायचे नाही. ते पाणी सामान्यतः निरुपद्रवीच दिसते. मात्र ते प्याल्याने झटके कमी झाले, माणसे अधिक जगली, असे दाखवणारी चाचणी झालेली नाही.

जपानचीच दुसरी देणगी

ज्या जपानमधून हे पाणी आले, त्याच जपानमधून बाबूजींच्या गोळीची वंशावळही सुरू होते. अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञाने टोकियोतील एका औषध कंपनीत सुमारे ६,००० सूक्ष्मजीवांचे नमुने तपासले आणि १९७३ साली एका बुरशीतून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारा पहिला पदार्थ शोधला. स्टॅटिन नावाचा औषधांचा वर्ग त्यातून उभा राहिला. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करण्याच्या कामात एक विकर लागते. स्टॅटिन त्याला अडवते. घरची निर्मिती घटली की यकृत रक्तातील एलडीएल अधिक ओढून घेते आणि रक्तातील शिल्लक कमी होते. आजची ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही बुरशीपासून काढलेली नसून प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने तयार केलेली आहेत.

१९९४ साली उत्तर युरोपातील देशांत हृदयविकार झालेल्या ४,४४४ रुग्णांवरील चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून अधिक काळ निम्म्यांना स्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी दिली होती. कोरी गोळी घेणाऱ्यांत २५६ जण दगावले, औषध घेणाऱ्यांत १८२. त्यानंतर लाखाहून अधिक माणसांवरील चाचण्यांचा एकत्रित हिशेब झाला. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, पक्षाघात यांसारखे प्रसंग साधारण एक-पंचमांशाने कमी होतात, असे त्यातून स्थिर झाले. औषधाला दोषही आहेत. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते. असा त्रास झाल्यास डॉक्टर मात्रा किंवा औषध बदलून देतात.

एकीकडे काही डझन माणसांचे काही आठवडे, दुसरीकडे लाखभर माणसांची अनेक वर्षे. दोन्ही खाती एकाच पानावर मांडली, तर कोणत्या खात्यावर जिवाचे तारण ठेवायचे, हे वेगळे सांगायला नको.

सुनेला काय आढळले

आता पुन्हा लातूरच्या त्या घरी. सुनेने दोन्ही अहवाल शेजारी ठेवले. पहिल्यात एकूण कोलेस्टेरॉल १३८ होते, नव्यात २०४. एलडीएलचा रकाना जावईबापूंनी वाचलाच नव्हता. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा केला की एलडीएलचा अंदाज मिळतो. बऱ्याच प्रयोगशाळा याच रीतीने तो आकडा काढतात. तिने कागदाच्या कडेला वजाबाकी मांडली. जुन्या अहवालात १३८ वजा ३८ वजा ३२, म्हणजे ६८. नव्यात २०४ वजा ४० वजा ३०, म्हणजे १३४. वाईट कोलेस्टेरॉल जवळजवळ दुप्पट झाले होते. हृदयविकार झालेल्या माणसाचे एलडीएल ५५ च्या खाली असावे, असे भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ साली सुचवले आहे. म्हणजे ६८ हाच आकडा किंचित जास्त होता. १३४ हा तर धोक्याचाच.

"बाबूजी, रात्रीची गोळी चालू आहे ना?" तिने विचारले.

बाबूजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "रात्रीची कुठली गोळी, बेटा? चातुर्मासात चौविहार धरला, तेव्हापासून सूर्यास्तानंतर तोंडात पाणीदेखील नाही. नंतर तो नियम पुढेही ठेवला. गोळीवर 'रात्री जेवणानंतर' लिहिले आहे. मग कशी घेणार?"

"आणि डॉक्टरांना विचारले नाही?"

"विचारणार होतो. तेवढ्यात हे यंत्र आले. वाटले, बरे झाले, नियमही राहिला आणि उपायही मिळाला."

टेबलाच्या खणातून सुनेने गोळ्यांची पाकिटे काढली. आठ महिन्यांच्या गोळ्या तशाच होत्या. मुलगा दर महिन्याला न चुकता आणत होता आणि बाबूजी न चुकता खणात ठेवत होते. घरात कोणी कोणाला फसवले नव्हते. प्रत्येकाने आपापले काम केले होते. गोळी तेवढी पोटात गेली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी तिघे डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अहवाल पाहिला आणि शांतपणे सांगितले, "शेठजी, तुमची ही ॲटोर्व्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते. ती रात्रीच घ्यावी, असा नियम नाही. सकाळी नवकारशीनंतर घ्या किंवा सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर घ्या. रोज एका ठरावीक वेळी घ्या म्हणजे झाले. मला आधी विचारले असते, तर चौविहारही राहिला असता आणि गोळीही."

ही माहिती प्रत्येक जैन कुटुंबाने लिहून ठेवण्याजोगी आहे. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसातून कोणत्याही वेळी चालतात. सिम्व्हास्टॅटिनसारखी काही जुनी औषधे शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून ती संध्याकाळी देतात; त्यांच्याबाबत डॉक्टरांकडून वेळ किंवा औषध बदलून घेता येते. चौविहार, एकासना, आयंबिल, वर्षीतप यांपैकी कोणताही नियम धरण्यापूर्वी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटावे. रक्त पातळ ठेवणारी, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे तर विचारल्याखेरीज एक दिवसही हलवू नयेत. कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिज जिलेटिनचे असते, म्हणून काही वडीलधारी मंडळी ती गुपचूप टाळतात. तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का, एवढे विचारले तरी बहुतेक वेळा मार्ग निघतो. नियमाची लाज वाटून गप्प बसण्याचे कारण नाही, आणि औषध गुपचूप सोडणे ही तपश्चर्याही नाही.

मग यंत्राचे काय करावे?

ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांनी ते फेकून द्यावे, असे नाही. पाणी प्यावे, तहान भागतेच. सरबत आणि थंड पेयांच्या ऐवजी कोणी हे पाणी पिऊ लागला, तर साखर कमी गेल्याने ट्रायग्लिसराइडला फायदाच होईल. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा हृदयाच्या अशक्तपणामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र 'रोज दोन लिटर' हा सल्ला मानू नये. मॅग्नेशियमच्या कांड्या व गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच वापराव्यात.

ज्यांनी अद्याप घेतलेले नाही, त्यांनी खरेदीपूर्वी चार प्रश्न विचारावेत. एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम हायड्रोजन असतो आणि तो कोणत्या स्वतंत्र प्रयोगशाळेने मोजला? कोलेस्टेरॉल कमी होण्याचा दावा लेखी देणार काय? माल परत करण्याची अट काय? आणि हे घेतल्यावर औषध सोडा, असे कोणी सांगत आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर पुढची बोलणी तेथेच थांबवावीत. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब बरा करतो अशा औषधी जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. साखळी पद्धतीने होणाऱ्या थेट विक्रीसाठी २०२१ पासून स्वतंत्र नियम आहेत. किंमत, परतावा आणि पैसे परत मिळण्याच्या अटी आधी सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी १९१५ या क्रमांकावर आहे. विक्रेता नात्यातला असला, तरी हे प्रश्न गोडीने विचारता येतात. नाते आणि व्यवहार यांची वही वेगळी ठेवणे ही व्यापारी घराण्यांची जुनीच शिकवण आहे.

हायड्रोजनच हवा असेल, तर तो पोटात फुकट तयार होतो, हेही जाणून घ्यावे. डाळी, कडधान्ये आणि भाज्या यांतील जो तंतुमय भाग पचत नाही, त्याच्यावर आतड्यातील जिवाणू काम करतात आणि हायड्रोजन वायू सोडतात. त्यातील काही रक्तात मिसळून श्वासावाटे बाहेर येतो. पोटाच्या काही विकारांचे निदान श्वासातील हा हायड्रोजन मोजूनच करतात. एक लिटर संपृक्त पाण्यात जेमतेम १८-२० मिलिलीटर वायू असतो. चांगल्या वाटीभर उसळीनंतर आतड्यात त्याहून पुष्कळ अधिक तयार होऊ शकतो. त्या वायूने कोलेस्टेरॉल उतरते, असा दावा कोणी करू नये. डाळीचा लाभ मात्र वेगळ्या मार्गाने सिद्ध आहे. रोज साधारण १३० ग्रॅम शिजवलेली कडधान्ये खाल्ल्याने एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित हिशेबातून २०१४ साली दिसून आले.

शाकाहारी घरात कोलेस्टेरॉल वाढतेच कसे, असा प्रश्न अनेकांना पडतो. अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा यकृत स्वतः तयार करते त्याचे प्रमाण मोठे असते. शिवाय वनस्पती तूप, पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातील फरसाण, मैदा, मिठाई आणि गादीवर बसून जाणारा दिवस त्यात भर घालतात. दुकानात बसणाऱ्याने रोज अर्धा-पाऊण तास झपझप चालावे, तळण आठवड्यातून एखाद्या वारापुरते ठेवावे आणि साजूक तूप चमच्याने मोजून वाढावे. यातील कशालाही पंचेचाळीस हजार रुपये लागत नाहीत.

लातूरच्या घरातील ओट्यावर ते यंत्र अजून आहे. जावईबापूंना सर्व प्रकार समजला, तेव्हा ते स्वतः येऊन बाबूजींच्या पाया पडले. "गोळी सोडा, असे मी म्हणायला नको होते," एवढेच ते म्हणाले. बाबूजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "तुम्ही म्हणालात, पण ऐकले मी. चूक निम्मी-निम्मी," असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. आता सकाळी नवकारशीनंतर सून गोळी हातावर ठेवते आणि बाबूजी तिच्यासमोर ती गिळतात. पाणी कधी यंत्रातले असते, कधी हंड्यातले. ज्येष्ठात पुन्हा तपासणी झाली, तेव्हा एलडीएल ७१ होते. डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडून दिली आणि तीही दिवसा घ्यायला सांगितली.

हायड्रोजनच्या पाण्याने रक्तातील चरबी थोडीफार हलत असेल. पुढील मोठ्या चाचण्या त्याचा निवाडा करतील. तोपर्यंत ते पाणी पाणी म्हणून प्यावे. ज्यांच्या घरात कोणी हृदयविकाराची औषधे घेत असेल, त्यांनी आज एकच काम करावे. औषधांचा खण उघडावा आणि शिल्लक गोळ्या मोजून पाहाव्यात.